ग्लेशियर एक्सप्रेस : शरद ऋतूतील आल्प्स प्रवास

ग्लेशियर एक्सप्रेस ही स्वित्झर्लंडमधील झेरमॅट आणि सेंट मॉरिट्झ या दोन पर्वतीय गावांना जोडणारी पर्यटक रेल्वेगाडी आहे. अंतर २९१ किमी., वेळ सुमारे आठ तास, म्हणजे सरासरी वेग ताशी चाळीस किलोमीटरच्याही आत. ‘जगातील सर्वांत संथ एक्सप्रेस’ ही तिची स्वतःचीच जाहिरात आहे आणि ती खोटी नाही. वाटेत २९१ पूल व ९१ बोगदे लागतात. गाडी एकमेकांपासून एक मीटर अंतरावरच्या रुळांवर (मीटर गेज) धावते. झेरमॅट ते डिझेन्टिस हा भाग मॅटरहॉर्न गोटहार्ड रेल्वेकडे, तर डिझेन्टिस ते सेंट मॉरिट्झ हा भाग रेटिश रेल्वेकडे आहे.

या गाडीतील ‘एक्सलन्स क्लास’ हा वीस आसनांचा एकच डबा लहान गटाच्या ऐषारामी प्रवासासाठी २०१९ पासून जोडला जातो. शरदातील प्रवासाचा विचार करताना मात्र वर्गापेक्षा तारीख, दिशा आणि बाजू या तीन गोष्टी अधिक महत्त्वाच्या ठरतात. चुकीच्या आठवड्यात घेतलेले सर्वांत महागडे आसनही हिरव्या नाहीतर करड्या डोंगराकडेच बघत बसते.

हंगाम

आल्प्समधील शरदाचा सोनेरी रंग मुख्यतः लार्च वृक्षाचा असतो. युरोपातील सूचिपर्णी वृक्षांत मूळचा पानगळ होणारा हा एकटाच. त्याच्या सुया हिरव्यातून पिवळ्या, मग गडद सोनेरी होतात आणि काही आठवड्यांत झडतात. रंग वरून खाली उतरतो. १,८०० ते २,००० मी. उंचीवरची झाडे सप्टेंबरअखेरीस बदलू लागतात, सेंट मॉरिट्झच्या एंगाडिन खोऱ्यात बहर साधारण ऑक्टोबरच्या मध्याच्या आसपास असतो, तर वाटेतल्या कूर शहराजवळच्या खालच्या पट्ट्यातील बीच व मेपल ही झाडे त्यानंतर रंगतात.

अडचण अशी की ग्लेशियर एक्सप्रेस ऑक्टोबरच्या मध्याला बंद होते आणि डिसेंबरमध्येच पुन्हा सुरू होते. मधल्या काळात मार्गाची व डब्यांची देखभाल चालते. त्यामुळे गाडीचा आणि लार्चचा हंगाम जेमतेम दोन-तीन आठवडे एकत्र येतो. साधारण २८ सप्टेंबर ते गाडीचा शेवटचा दिवस एवढाच काळ शरदाचा म्हणावा, आणि त्यातही शेवटचा आठवडा सर्वांत चांगला. बंद होण्याची नेमकी तारीख दरवर्षी बदलते, म्हणून विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी ती पाहून घ्यावी. महाराष्ट्रातून जाणाऱ्यांसाठी याचा अर्थ सरळ आहे. दसऱ्याच्या सुमाराची सुटी दसरा लवकर येतो त्या वर्षी उपयोगी पडते, पण शाळांची दिवाळीची सुटी जवळजवळ नेहमी गाडी बंद असतानाच येते.

मार्ग आणि त्यातील रंग

झेरमॅट (सुमारे १,६०० मी.) मोटारींना बंद आहे. खासगी गाडी सुमारे ५ किमी. खाली टेश येथे ठेवून रेल्वेने वर यावे लागते. तेथून गाडी अरुंद मॅटर खोऱ्यातून फिस्पपर्यंत जवळजवळ ९५० मी. खाली उतरते. झेरमॅट आणि टेशच्या उतारांवर लार्च दाट आहे, मात्र सकाळी हे खोरे सावलीत असते आणि ऊन कड्यांच्या माथ्यावरच राहते. ब्रिगनंतर गाडी ऱ्होन नदीच्या काठाने वर चढते आणि ओबेरवाल्डजवळ १५.४ किमी. लांबीच्या फुर्का तळबोगद्यात शिरते.

हा बोगदा १९८२ मध्ये सुरू झाला. त्याआधी गाडी वरच्या फुर्का खिंडीतून जात असे आणि ग्लेत्श येथे ऱ्होन हिमनदी खिडकीतून दिसे. गाडीला नाव मिळाले ते त्या हिमनदीवरून. आज मात्र या गाडीतून ती हिमनदी दिसत नाही. हिमनदी पाहायच्या अपेक्षेने बसलेल्यांचा हिरमोड होतो, तेव्हा हे आधी माहीत असलेले बरे. बोगद्यामुळे गाडी हिवाळ्यातही चालू लागली हा मोठा फायदा. जुन्या खिंडीच्या मार्गावर आता उन्हाळ्यात वाफेच्या इंजिनांची वारसा रेल्वे चालते. तेथला स्टेफेनबाख पूल हिमलोटाने वाहून जाऊ नये म्हणून दर शरदात दुमडून काढून ठेवतात.

बोगद्यापलीकडे आंडरमाटचे उर्झेरेन खोरे जवळजवळ वृक्षहीन आहे. येथे लार्चचा सोनेरी रंग शोधू नये. ओबेराल्प खिंडीकडे चढताना बिलबेरीच्या खुरट्या झुडुपांनी उतार तांबूस-लाल झालेले असतात, आणि लार्चच्या जाहिरातींमुळे दुर्लक्षित राहिलेले हे दृश्य मार्गावरच्या सर्वांत उत्तम शरदी दृश्यांपैकी आहे. खिंड २,०३३ मी. उंच, हा मार्गाचा सर्वोच्च बिंदू. ऑक्टोबरमध्ये येथे ताजा बर्फ पडलेला असणे नवलाचे नाही. या उंचीमुळे निरोगी माणसाला सहसा श्वासाचा त्रास होत नाही.

डिझेन्टिसला इंजिन बदलते. पुढे इलांत्झ ते राइखनाउ हा ऱ्हाइन नदीच्या घळईचा भाग. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी फ्लिम्स येथे झालेल्या प्रचंड दरडीचा चुनखडीचा ढिगारा नदीने कापत नेला, त्याचे हे पांढुरके कडे. गाडी नंतर कूरला जाते. ५८५ मी. उंचीचे हे मार्गावरील सर्वांत खालचे ठिकाण. तेथून उलट दिशेने राइखनाउपर्यंत परत येऊन ती थूसिसमार्गे आल्बुला मार्गाला लागते.

थूसिस ते सेंट मॉरिट्झ हा मार्ग १९०३-०४ मध्ये पूर्ण झाला आणि २००८ पासून बेर्निना मार्गासह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. झोलिस पूल ८९ मी. उंच आहे. त्यानंतर येतो लांडवासर पूल : ६५ मी. उंची, प्रत्येकी २० मी.च्या सहा कमानी, १०० मी. त्रिज्येचे वळण, आणि पलीकडचे टोक थेट कड्यातल्या बोगद्यात. गाडी तो एका मिनिटाच्या आतच ओलांडते. कॅमेरा टीफेनकास्टेल सोडल्यावरच हाती असावा. बेर्ग्यून ते प्रेडा या टप्प्यात सुमारे ४०० मी. चढ आहे. तेवढा चढ सौम्य उताराने चढता यावा म्हणून रूळ सर्पिल बोगद्यांतून स्वतःभोवती फिरतात आणि सरळ अंतराच्या सुमारे दुप्पट लांब होतात. तेच गाव एकदा एका खिडकीत, मग दुसऱ्या खिडकीत दिसते. दुपारी उशिरा येथले लार्च उन्हात पेटलेले असतात. प्रेडानंतरचा ५,८६० मी. लांबीचा नवा आल्बुला बोगदा जून २०२४ मध्ये सुरू झाला, आणि १९०३ चा जुना बोगदा आता सुरक्षेसाठी राखला जातो. बोगद्यापलीकडे एंगाडिन.

दातेरी रुळांचे तंत्र

मार्गाचा पहिला अर्धा भाग साध्या घर्षणाने चढता येत नाही. फिस्प-झेरमॅट टप्प्यात उतार दर हजारी १२५ पर्यंत, म्हणजे १:८, आणि ओबेराल्पच्या बाजूला दर हजारी ११० पर्यंत जातो. तुलनेसाठी, भोर घाटाचा कमाल चढ १:३७ आहे आणि तेथेही गाड्यांना मागून बँकर इंजिने लावावी लागतात. म्हणून तीव्र चढांवर रुळांच्या मध्ये आब्ट पद्धतीच्या दोन दातेरी पट्ट्या बसवलेल्या असतात. दोन्ही पट्ट्यांचे दात एकमेकांच्या पुढे-मागे असल्याने इंजिनाच्या दंतचक्राचा एक दात तरी नेहमी पकडीत राहतो. भारतात निलगिरी पर्वतीय रेल्वेवर हीच पद्धत आहे. दातेरी पट्टी सुरू होते तेथे गाडीचा वेग एकदम मंदावतो आणि हलकी थरथर जाणवते. हा बिघाड नव्हे, दात जुळण्याची वेळ असते. डिझेन्टिसनंतर रेटिश रेल्वेवर उतार दर हजारी ३५ च्या आत असल्याने दातेरी पट्टी नाही, आणि म्हणूनच तेथे इंजिन बदलते.

तिकीट, आरक्षण आणि डबा

दोन गोष्टी वेगळ्या समजाव्यात : तिकीट आणि आसन-आरक्षण. स्विस ट्रॅव्हल पासमध्ये तिकीट येते, आरक्षण येत नाही. हाफ फेअर कार्डने तिकीट निम्मे होते, आरक्षणाचे शुल्क तसेच राहते. आरक्षण सक्तीचे आहे. नुसता पास घेऊन फलाटावर उभे राहिलेल्यांना गाडीत घेत नाहीत, आणि भारतीय प्रवाशांची सर्वाधिक फजिती इथेच होते. पूर्ण तिकीट दुसऱ्या वर्गाचे दीडशे, तर पहिल्या वर्गाचे अडीचशे स्विस फ्रँकच्या पुढे असते. उन्हाळी हंगामातील आरक्षण पन्नास फ्रँकच्या आसपास. एक्सलन्स क्लाससाठी पहिल्या वर्गाचे तिकीट किंवा पास, शिवाय चारशे फ्रँकहून अधिक अधिभार लागतो. दहा किंवा अधिक जणांच्या गटाला तिकिटात सवलत मिळते.

दुसऱ्या वर्गात रांगेत दोन-दोन, पहिल्यात दोन-एक, एक्सलन्समध्ये एक-एक आसन असते. म्हणजे एक्सलन्समध्ये प्रत्येकाला खिडकी, पण प्रवासी समोरासमोर जोडीने बसतात. गट विषम संख्येचा असेल तर एकाला अनोळखी माणसासमोर आठ तास काढावे लागतात. सहा, आठ किंवा दहा जणांचा गट सर्वांत सोयीचा. वीस आसने एकाच गटाने धरणेही शक्य असते, मात्र शरदातल्या तारखांना त्यासाठी पुष्कळ आधी हालचाल करावी लागते.

अधिभारात स्वागताचे पेय, बार, यजमान कर्मचारी आणि टप्प्याटप्प्याने येणारे लांबलचक जेवण येते. जेवणाची वेळ आणि ओबेराल्पचा चढ सहसा एकाच वेळी येतो, आणि ताटलीत बघू की बाहेर हा पेच खरा आहे. शाकाहारी जेवण मिळते, पण ते आरक्षणाच्या वेळीच कळवावे. ‘शाकाहारी’ म्हटल्यावर अंडे आणि चीज धरले जाते, म्हणून अंडे किंवा कांदा-लसूण चालत नसेल तर वेगळे लिहून द्यावे आणि तरी फार अपेक्षा ठेवू नये. चढावर मद्य सांडू नये म्हणून देठ तिरका केलेले पेले ही या गाडीची जुनी गंमत आहे. आता ते मुख्यतः आठवणवस्तू म्हणून विकले जातात.

पैशांचा हिशेब करता पहिला वर्ग बहुतेकांना पुरेसा आहे. काचा त्याच, डोंगर तेच. एक्सलन्सची किंमत सेवेची आणि शांततेची आहे, दृश्याची नव्हे.

बाजू आणि दिशा

झेरमॅटहून निघताना गाडीच्या दिशेने तोंड केल्यावर डावीकडची खिडकी घ्यावी. ऱ्हाइनची घळई डावीकडे दिसते. कूरला गाडीची दिशा उलटते, त्यामुळे तीच खिडकी आता उजवीकडची होते, आणि लांडवासर पुलावर वळणाऱ्या गाडीचे तोंड उजवीकडूनच दिसते. सेंट मॉरिट्झहून निघणाऱ्यांनी याच हिशेबाने सुरुवातीला डावी बाजू घ्यावी. दिशेला तोंड करून बसलेला प्रवासी कूरनंतर पाठमोरा होतो, म्हणून समोरासमोरच्या जोडीने तेथे जागा बदलून घ्याव्यात.

शरदात झेरमॅट ते सेंट मॉरिट्झ ही दिशा आणि सकाळची लवकरची गाडी बरी. ऑक्टोबरच्या मध्याला सूर्य पावणेआठच्या सुमारास उगवतो आणि पावणेसातच्या सुमारास मावळतो, पण खोऱ्यांच्या तळाशी सावली दुपारी चारपासूनच पसरू लागते. लवकरच्या गाडीने आल्बुलाचे लार्च उन्हात सापडतात.

खिडक्या उघडत नाहीत, त्यामुळे छायाचित्रांत आतल्या वस्तूंचे प्रतिबिंब येते. गडद कपडे घालावेत, भिंग काचेला जवळजवळ टेकवावे, रबरी हुड असल्यास उत्तम. ध्रुवक (पोलरायझिंग) फिल्टर वापरू नये. कडक केलेल्या काचेतील ताण त्यातून इंद्रधनुषी डागांसारखे उमटतात. मोठ्या बॅगांना डब्याच्या टोकाला मोजकीच जागा आहे, म्हणून जड सामान रेल्वेच्या सामान-सेवेने आधी पाठवावे.

काय बिघडते

धुके हे पहिले कारण. शरदात थंड हवा खाली साचून खोऱ्यांत धुक्याचा थर बसतो. कूर त्यात बुडालेले असते आणि वर ओबेराल्पला लख्ख ऊन असते. म्हणून मैदानी शहराच्या हवामानावरून प्रवास रद्द करू नये, वरच्या स्थानकांचे थेट कॅमेरे पाहावेत. दक्षिणेकडून येणारा उष्ण, कोरडा फॉन वारा आकाश स्वच्छ करतो, पण दोन दिवसांत पानेही उतरवतो.

दरडी आणि पूर ही दुसरी बाब. १९९१ मध्ये रांडा येथे कोसळलेल्या कड्याखाली झेरमॅटचा रेल्वेमार्ग गाडला गेला आणि तो दुसरीकडून वळवावा लागला. जून २०२४ मधील वादळी पावसाने फिस्प-झेरमॅट मार्ग पुन्हा तोडला. अशा वेळी बदली बस मिळते, म्हणून त्याच संध्याकाळचे परतीचे विमान धरू नये. २३ जुलै २०१० रोजी फीशजवळ ही गाडी घसरून एका प्रवाशाचा मृत्यू झाला. शेवटचे डबे वळणातून बाहेर येण्यापूर्वीच वेग वाढवला गेला, हे कारण चौकशीत पुढे आले.

गाडी बंद झाल्यावर

ऑक्टोबरच्या उत्तरार्धात पोहोचणाऱ्यांना हाच मार्ग साध्या प्रादेशिक गाड्यांनी करता येतो. त्या वर्षभर त्याच रुळांवर धावतात, आरक्षण लागत नाही आणि स्विस ट्रॅव्हल पास चालतो. फिस्प किंवा ब्रिग, आंडरमाट, डिझेन्टिस आणि राइखनाउ किंवा कूर येथे गाडी बदलावी लागते. जोडगाड्या बहुधा तासातासाने असतात, म्हणून लार्च चांगले दिसतील तेथे उतरून पुढची गाडी धरता येते. काही डब्यांच्या खिडक्या उघडतात, तेव्हा प्रतिबिंबाचाही प्रश्न राहत नाही. जेवण मात्र स्वतःचे न्यावे. बंद काळात आंडरमाट आणि डिझेन्टिसच्या स्थानकांजवळची उपाहारगृहे बऱ्याचदा सुटीवर असतात.