कूडाचे दोन आकडे: ड्रायव्हर आणि टूलकिट का जुळत नाहीत

सोलापुरात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला कुणी टॉवेलच्या विणीतले दोष कॅमेऱ्याने हेरतो, कुणी डाळिंबावरचे रोग. मॉडेल ठीक असते, पण ‘ड्रायव्हरची आवृत्ती रनटाइमला अपुरी’ अशी एरर येते आणि काम अडते.

कूडा म्हणजे एनव्हिडिया कंपनीच्या ग्राफिक्स कार्डावर आकडेमोड करून घेणारी प्रणाली. तिचा एक भाग ड्रायव्हरबरोबर, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरबरोबर येतो. दुसरा टूलकिटबरोबर, म्हणजे प्रोग्राम बांधण्याच्या साधनांबरोबर येतो; प्रोग्राम चालताना लागणारा रनटाइम याच दुसऱ्या भागातला. नवा ड्रायव्हर जुन्या टूलकिटवर बांधलेला प्रोग्राम चालवतो. उलटे जमत नाही. कूडाच्या दहाव्या मालिकेपर्यंत हे फार काटेकोर होते. लिनक्सवर १०.० ला किमान ४१०.४८ ड्रायव्हर लागे, १०.१ ला ४१८.३९ आणि १०.२ ला ४४०.३३.

खरा घोळ २०१८ च्या सुमारास झाला. ड्रायव्हरच्या ४१० मालिकेपासून ‘एनव्हिडिया-एसएमआय’ ही कार्डाची स्थिती दाखवणारी कमांड तक्त्याच्या वरच्या कोपऱ्यात ‘कूडा व्हर्जन’ दाखवू लागली. हा ड्रायव्हरला झेपणारा सर्वांत वरचा आकडा. मशीनवर टूलकिट नसले तरी तो दिसतो. ‘एनव्हीसीसी’ हा टूलकिटमधला कंपाइलर मात्र बसवलेल्या टूलकिटचा आकडा सांगतो. एकीकडे १२.२, दुसरीकडे ११.८ दिसले की मुले घाबरून सगळे पुसतात आणि पुन्हा बसवतात, जेव्हा मुळात काही बिघडलेलेच नसते. असा आकडा दाखवण्याच्या निर्णयाची बाजू घेणारे म्हणतात, ड्रायव्हरमधल्या कूडाची आवृत्ती खरोखर तीच आहे. ते खरे आहे. पण तिथे ‘कमाल’ एवढे लिहिले असते तर असंख्य लोकांचे दिवस वाचले असते, आणि ते लिहिणे कंपनीचेच काम होते.

२०२० मध्ये कूडाच्या अकराव्या मालिकेबरोबर नियम सैल झाला. एका मालिकेतल्या सगळ्या उपआवृत्त्यांना एकच किमान ड्रायव्हर पुरू लागला: ११ साठी ४५०.८०.०२, १२ साठी ५२५.६०.१३. अपवाद पीटीएक्सचा. हा मधला कोड ड्रायव्हर ऐनवेळी कार्डासाठी कंपाइल करतो, आणि नव्या टूलकिटचा पीटीएक्स जुन्या ड्रायव्हरला वाचता येत नाही.

आता अडचण कार्डांचीच आहे. कार्डांच्या जुन्या केप्लर पिढीचे ड्रायव्हर ४७० मालिकेवर थांबले आणि कूडा १२ ने तिला वगळले. २०२५ च्या कूडा १३ ने मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा या त्यानंतरच्या पिढ्याही सोडल्या. म्हणजे पास्कल पिढीचे जीटीएक्स १०५० टीआय कार्ड असलेल्या मशीनने बाराव्या मालिकेवरच थांबावे. मॉडेल बनवायला वापरतात त्या पायटॉर्च लायब्ररीची तयार पॅकेजेस रनटाइम स्वतःबरोबर आणतात, त्यामुळे तिथे वेगळे टूलकिट बसवायची गरज नाही. ड्रायव्हर पुरेसा नवा आहे ना आणि पॅकेज त्या कार्डासाठी बांधलेले आहे ना, एवढे पाहावे.