हार्ट अटॅकच्या मोठ्या चाचण्या आपल्या वॉर्डांपर्यंत कशा आल्या

औषधाची शास्त्रशुद्ध पारख मुंबईला नवी नाही. केईएमचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरचा परिणाम १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला, तोही ५० रुग्णांच्या नोंदींवर. रक्तदाब उतरला की यंत्रावर दिसतो, म्हणून ५० चालून गेले. अटॅकचं गणित निराळं. शंभरातले दहा दगावत असतील आणि औषधाने ते नऊवर येणार असतील, तर हा निव्वळ योगायोग नाही असं म्हणायला हजारो रुग्ण लागतात.

हे १९८४ मध्ये ठासून सांगितलं सलीम युसुफ, रोरी कॉलिन्स आणि रिचर्ड पेटो यांनी. युसुफ मूळचे केरळचे, बंगळूरच्या सेंट जॉन्समध्ये शिकून ऑक्सफर्डला गेलेले. रुग्ण भरपूर घ्या, पण प्रत्येकामागचं कागदकाम जेमतेम ठेवा, हा त्यांचा आग्रह. अटॅकच्या रुग्णांवरची १९८८ची आयसिस-२ चाचणी त्याच धाटणीची: ४१७ रुग्णालयं, १७,१८७ रुग्ण. डॉक्टरने फोन फिरवायचा, रुग्णाला कुठल्या क्रमांकाचं औषधाचं पाकीट द्यायचं ते कळायचं, शेवटी छोटा फॉर्म भरायचा. गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज आणि अ‍ॅस्पिरिन दोन्ही मिळालेल्यांत पाच आठवड्यांत ८ टक्के दगावले, दोन्ही न मिळालेल्यांत १३.२ टक्के. माझ्या मते ही पद्धत श्रीमंत देशांत जन्मली तरी शोभते ती आपल्याच वॉर्डांना, जिथे एका रेसिडेंटच्या गळ्यात अख्खी रात्रपाळी असते.

चीनने ते करून दाखवलं. अटॅकवरच्याच कमिट चाचणीत १,२५० रुग्णालयांतून ४५,८५२ रुग्ण घेतले. तिथे क्रमांक घातलेले सीलबंद खोके वॉर्डात ठेवले होते. रुग्ण आला की पुढचा खोका उघडायचा. आत औषध आहे की नुसती दिखाऊ गोळी, हे देणाऱ्यालाही ठाऊक नाही.

भारताचा मोठा वाटा होता क्रिएट-एक्ला या चाचणीत. ग्लुकोज, इन्शुलिन आणि पोटॅशियम एकत्र करून चोवीस तास सलाइनमधून द्यायचं, एवढाच उपचार. तिन्ही वस्तू कुठल्याही रुग्णालयात सापडतात आणि पेटंट कुणाचंच नाही. मेक्सिकोत १९६०च्या दशकापासून या मिश्रणाचे गोडवे गायले जात होते, छोट्या चाचण्यांतून आशाही वाढलेली. २०,२०१ रुग्णांनंतर २००५ मध्ये निकाल लागला: तीस दिवसांत मिश्रण मिळालेल्यांत १० टक्के मृत्यू, न मिळालेल्यांत ९.७. उपयोग शून्य. अशा निकालाचं कुणी पेढे वाटून स्वागत करत नाही, पण बिनकामाच्या बाटल्या लावण्यातून वॉर्डांची सुटका झाली, हे थोडं नव्हे.

त्याच सुमारास क्रिएट नावाच्याच एका नोंदवहीत (ही चाचणी नव्हे, नुसती नोंद) ५० शहरांतल्या ८९ केंद्रांतून वीस हजारांवर भारतीय रुग्णांची माहिती जमली. २००८ मध्ये ती लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. दुखणं सुरू झाल्यापासून रुग्णालय गाठेपर्यंतचा मध्यक वेळ ३६० मिनिटं, म्हणजे निम्म्यांना याहून जास्त लागला. तीस दिवसांत गरिबांत ८.२ टक्के मृत्यू, श्रीमंतांत ५.५. गुठळी विरघळवणारं औषध ज्यांना मिळालं, त्यांतल्या बहुतेकांना ते स्ट्रेप्टोकायनेजच होतं.

मुंबईकराला त्या सहा तासांचं नवल वाटणार नाही. आधी ‘गॅस झालाय’ म्हणून सोडा, मग गल्लीतला डॉक्टर, मग ईसीजी, मग सायन, नायर किंवा केईएम. चाचणी करणाऱ्याची पंचाईत त्यापुढे: डिस्चार्जनंतर माणूस कोकणात गावी निघून जातो, मुलाचा मोबाइल बदलतो आणि तिसाव्या दिवशी तो हयात आहे का, एवढं एकच विचारायलाही माणूस मिळत नाही.

नियमांचा काच अलीकडचा. औषधचाचण्यांविषयी सर्वोच्च न्यायालयात चाललेल्या जनहित याचिकेच्या धामधुमीत २०१३ मध्ये नुकसानभरपाईचे नियम कडक झाले, संमतीचं चित्रीकरणही आलं. काही चाचण्यांत रुग्णांचे हाल झाले होते, तेव्हा ही कडकपणाची गरज होतीच. २०१९च्या नियमांनी मात्र आधीच मंजूर असलेल्या औषधांच्या शैक्षणिक चाचण्यांना केंद्रीय परवानगीतून मोकळीक दिली. एथिक्स कमिटीची मान्यता लागतेच. त्यामुळे ज्यात कुठल्याच कंपनीचा नफा नाही, असा प्रश्न महापालिकेच्या रुग्णालयालाही हाती घेता येतो. पैसे कोण देणार, यावर मात्र गाडी अडते.