मत्स्यडिंभ : श्लेष्मस्राव व पाचक ग्रंथींचा विकास

अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या अस्थिमत्स्याच्या (हाडांचा सांगाडा असलेल्या माशाच्या) डिंभात, म्हणजे पिलाच्या आरंभीच्या अवस्थेत, पचनसंस्था नावापुरतीच असते. बहुतेक सागरी जातींत ती पीतक कोशाच्या (अंड्यातील पोषक साठ्याच्या पिशवीच्या) वर पसरलेली, साध्या व अविशेषित पेशींची सरळ नळी असते. तोंड व गुदद्वार बंद असतात आणि सारे पोषण पीतकातून होते. पीतक संपण्यापूर्वी या नळीला बाहेरचे अन्न गिळता, पुढे सरकवता आणि पचवता आले नाही, तर डिंभ उपासमारीने मरतो. म्हणूनच श्लेष्म (बुळबुळीत स्राव) स्रवणाऱ्या पेशी व पाचक ग्रंथी कोणत्या क्रमाने कामाला लागतात, हा मत्स्यसंवर्धनातील एक कळीचा प्रश्न आहे.

ग्रंथींपैकी यकृत आणि स्वादुपिंड सर्वांत आधी तयार होतात. झेब्राफिशमध्ये स्वादुपिंड दोन अंकुरांपासून बनते. पृष्ठीय अंकुरापासून संप्रेरके स्रवणाऱ्या पेशींचे पहिले द्वीप तयार होते, तर अधर अंकुरापासून मुख्यतः पाचक विकरे (एन्झाइमे) स्रवणारा भाग घडतो. फलनानंतर सुमारे 52 तासांनी हे दोन्ही अंकुर एकत्र येतात. पहिला घास घेण्याच्या सुमारास स्वादुपिंडाच्या पेशींत ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिन यांसारख्या विकरांच्या निष्क्रिय पूर्वरूपांचे कण साठलेले दिसतात. पुढे अनेक जातींत ही ग्रंथी आतड्याभोवती विखुरते आणि काही जातींत आतड्याकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या प्रतिहारी शिरेच्या कडेने थेट यकृतात शिरते. यकृतात याच काळात ग्लायकोजेन व मेद यांचा साठा होऊ लागतो.

माशांना लाळग्रंथी नसतात. अन्नाला ओलावा व गुळगुळीतपणा देण्याचे काम मुखपोकळी, ग्रसनी आणि विशेषतः अन्ननलिका यांच्या अस्तरातील श्लेष्म स्रवणाऱ्या चषक पेशी करतात, आणि त्या बहुधा तोंड उघडण्याच्या सुमारास किंवा त्यानंतर थोड्याच दिवसांत दिसू लागतात. अन्ननलिकेत त्यांची संख्या झपाट्याने वाढते. आतड्यातील चषक पेशी मात्र पुष्कळ जातींत त्यानंतर अवतरतात. त्यांतील श्लेष्मद्रव्य एकाच प्रकारचे नसते. पीएएस या ऊतक रंगवण्याच्या पद्धतीत उदासीन श्लेष्मद्रव्ये किरमिजी दिसतात, तर आल्शियन ब्लू या रंजकाने आम्लधर्मी श्लेष्मद्रव्ये निळी होतात. आम्लधर्मी द्रव्ये, त्यातही सल्फेटयुक्त, दाट असतात. ती अस्तराला खरचटण्यापासून आणि जीवाणूंपासून वाचवतात. जठराच्या पृष्ठभागावरील पेशींत मात्र उदासीन द्रव्यच प्रामुख्याने आढळते व त्यामुळे जठराचे स्वतःच्या आम्लापासून रक्षण होते. हे संरक्षक अस्तर नसते, तर पुढे येणाऱ्या जठरग्रंथी त्याच अवयवाला घातक ठरल्या असत्या.

जठरग्रंथी सर्वांत शेवटी येतात, आणि जातीजातींतील खरा फरक येथेच दिसतो. सस्तन प्राण्यांत हायड्रोक्लोरिक आम्ल व पेप्सिनोजेन वेगवेगळ्या पेशींतून स्रवतात. अस्थिमत्स्यांत ही दोन्ही कामे एकच पेशी करते. ट्राउट व सॅमन यांच्या पिलांत पीतक संपून बाहेरचे अन्न सुरू होण्यापूर्वीच जठर तयार असते. मागूरच्या कुळातील आफ्रिकी जातीत अन्न घेऊ लागल्यावर ते काही दिवसांतच कार्यक्षम होते, तर जिताड्यात त्यासाठी दुसरा-तिसरा आठवडा उजाडतो. रोहू, कटला आणि इतर कार्प माशांना प्रौढपणीही जठर नसते. त्यांची अन्ननलिका थेट आतड्यात उघडते आणि प्रथिनांचे पचन अल्कधर्मी माध्यमात स्वादुपिंडाच्या विकरांवरच चालते.

जठर येण्यापूर्वीच्या काळात डिंभ प्रथिने अर्धवट पचलेल्या अवस्थेतच शोषतो. आतड्याच्या मागच्या भागातील पेशी प्रथिनांचे मोठे रेणू सबंध आत ओढून घेतात आणि त्यांचे विघटन पेशीच्या आत करतात. या पेशींच्या केंद्रकावरील भागात दिसणारी प्रथिनगर्भ रिक्तिका (प्रथिनांनी भरलेली पोकळी) हीच त्याची खूण होय. जठर कार्यक्षम झाल्यावर ही पद्धत मागे पडत जाते.

या क्रमाचा व्यावहारिक परिणाम मोठा आहे. जठरग्रंथी नसलेल्या सागरी डिंभाला कोरडे कृत्रिम खाद्य सहसा मानवत नाही, म्हणून त्याला आधी रोटिफर हे सूक्ष्म जलजीव व नंतर आर्टेमिया या छोट्या कवचधारी जीवाची पिले द्यावी लागतात. जिवंत खाद्यावरून कृत्रिम खाद्यावर नेण्याचा दिवस वयावरून ठरवणे धोक्याचे आहे, कारण पाण्याचे तापमान वाढले की विकास वेगाने होतो आणि एकाच वयाच्या दोन तुकड्यांची आतडी वेगळ्या टप्प्यावर असू शकतात. ऊतकाचे छेद घेऊन जठरग्रंथी व श्लेष्म पेशी प्रत्यक्ष पाहणे हा अधिक भरवशाचा मार्ग आहे. उपासमारीची लक्षणेही तेथेच कळतात: यकृतपेशींतील साठा आटतो, स्वादुपिंडातील विकरकण कमी होतात आणि आतड्याच्या अस्तराची उंची घटते.

श्लेष्म स्वतःच अन्न ठरल्याचे उदाहरणही येथे नोंदवणे योग्य ठरेल. अ‍ॅमेझॉन खोऱ्यातील डिस्कस माशाची पिले पोहू लागल्यावर काही आठवडे आईबापांच्या त्वचेवरील श्लेष्म खातात. या काळात दोन्ही पालकांच्या श्लेष्मातील प्रथिनांचे प्रमाण वाढते आणि पिले बाहेरचे अन्न घेऊ लागली, की ते पुन्हा खाली येते.