हिरव्या डागांची चकती

"मामा, चकती हिरवी झाली!" भाचीचा फोन, रात्री साडेदहाला. आवाज रडवेला. एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला तिने सुपरकंडक्टरचा, म्हणजे अतिसंवाहकाचा (पुरेसा गार केला की विजेला जराही विरोध न करणाऱ्या पदार्थाचा) प्रकल्प घेतला होता. पदार्थ स्वतः बनवायचा, गार करायचा आणि त्यावर चुंबक अधांतरी ठेवून दाखवायचा. पदार्थाचं पूर्ण नाव यिट्रियम बेरियम कॉपर ऑक्साइड. तिच्या विभागात सगळे त्याला 'वन-टू-थ्री' म्हणतात, कारण या तीन धातूंच्या अणूंचं प्रमाण १:२:३ असं असतं.

कृती वाचली तर वाटतं, अनारसे याहून अवघड असतात. दहा ग्रॅम मिश्रणाला यिट्रियम ऑक्साइड १.५१ ग्रॅम, बेरियम कार्बोनेट ५.२९ आणि कॉपर ऑक्साइड ३.२० ग्रॅम. अकीकाच्या खलात घोटायचं (हातमोजे आणि मास्क घालून, बेरियम कार्बोनेट विषारी आहे). मग भट्टीत ९०० अंशांच्या वर रात्रभर भाजायचं, बाहेर काढून पुन्हा घोटायचं, पुन्हा भाजायचं. शेवटी साच्यात दाबून रुपयाच्या नाण्याहून लहान चकती पाडायची. ती काळीकुळकुळीत निघायला हवी. हिच्या चकतीवर शेवाळासारखे हिरवे डाग होते.

हिरवा डाग म्हणजे त्याच तीन धातूंचं दुसरं संयुग, 'टू-वन-वन'. त्यात अतिसंवाहकतेचा मागमूस नसतो. वजनात चूक झाली किंवा घोटण्यात आळस झाला की ते डोकं वर काढतं. हिने घोटण्यात घाई केली होती. पुढच्या खेपेला दोन दिवस खल सोडला नाही, चकती काळी झाली, पण द्रव नायट्रोजनमध्ये बुडवली तरी चुंबक तिच्यावर ढिम्म बसून राहिलं. मला हा टप्पा सगळ्यात मजेचा वाटतो, तिला अर्थातच वाटला नाही. भट्टी बंद करून ती घरी गेली होती आणि तिथंच घोळ झाला होता. या पदार्थात यिट्रियमच्या दर अणूमागे ऑक्सिजनचे अणू सरासरी सहा ते सात यांच्या दरम्यान कितीही असू शकतात. साताच्या जवळ असले तर अतिसंवाहक, सहाच्या जवळ असले तर साधं मडकं. दिसायला दोन्ही काळेच. गार होताना ४००-५०० अंशांच्या आसपास चकतीला ऑक्सिजनच्या झोतात तासन्‌तास ठेवावं लागतं, तेव्हा कुठे ती तो पिऊन घेते.

तिसऱ्या चकतीच्या परीक्षेला मी हजर होतो. द्रव नायट्रोजन आला होता जवळच्या जनावरांच्या दवाखान्यातून. गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी गोठवलेल्या रेतमात्रा द्रव नायट्रोजनच्या कॅनमध्येच ठेवतात, त्यामुळे खेड्यापाड्यांतही तो मिळतो. डॉक्टरांनी थर्मासभर दिला आणि "झाकण घट्ट लावू नका, उडेल" असं बजावलं.

थर्माकोलच्या वाटीत चकती, वरून उणे १९६ अंशांचा नायट्रोजन. तव्यावर पाणी शिंपडावं तसा तडतडला, मग शांत झाला. तिने प्लॅस्टिकच्या चिमट्याने डाळीएवढं निओडिमियम चुंबक वर सोडलं. ते खाली टेकलंच नाही. तीन-चार मिलिमीटर वर, जरासं कलून थांबलं. तिने चुंबक आणि चकती यांच्यामधून कागदाची पट्टी सरकवून बाहेर काढली. चिमट्याने टिचकी मारली तर ते जागच्या जागी गरगर फिरायला लागलं.

जनावरांच्या दवाखान्यातल्या नायट्रोजनवर हे जमतं, याला कारण १९८७चा जानेवारी. अतिसंवाहकता सापडली १९११ साली, नेदरलँड्समधल्या लायडनला. कामरलिंग ओनेस यांच्या प्रयोगशाळेत पाऱ्याचा विद्युतरोध उणे २६९ अंशांला एकाएकी नाहीसा झाला. पण तेवढ्या थंडीला द्रव हेलियम लागतो, आणि तो महाग. १९८६ मध्ये झुरिकजवळ बेडनॉर्ट्झ आणि म्यूलर यांनी तांब्याच्या ऑक्साइडांची वाट दाखवली. मग अमेरिकेत हंट्सव्हिलला मॉ-कुएन वू यांच्या गटाने, ह्यूस्टनच्या पॉल चू यांच्या साथीने, उणे १८० अंशांलाच, म्हणजे द्रव नायट्रोजनच्या थंडीपर्यंत जायच्या आधीच, अतिसंवाहक होणारा हा पदार्थ गाठला. त्यांचा तो पहिला नमुना शुद्ध नव्हताच. हिरव्यात काळं मिसळलेलं होतं, आणि किमया त्या काळ्याची होती. भाचीला हे सांगितल्यावर ती पहिल्यांदा हसली.

आता चुंबक अधांतरी का राहतं? पुस्तकी उत्तर असं की अतिसंवाहक चुंबकीय क्षेत्राला बाहेर ढकलतो. माइसनर आणि ओक्सेनफेल्ड यांनी १९३३ मध्ये हे दाखवलं. पण नुसतं ढकलणं असतं तर अशा सपाट चकतीवरून चुंबक कडेला घसरून पडलं असतं. 'वन-टू-थ्री' पूर्ण ढकलत नाही. तो थोडं क्षेत्र बारीक नळ्यांच्या रूपात आत येऊ देतो, आणि प्रत्येक नळीभोवती विजेचा एक भोवरा फिरत असतो. या नळ्यांना पदार्थातल्या खोडीच्या जागा आवडतात: तडा, चुकलेला थर, परक्या संयुगाचा कण. तिथे त्या खुंटीवर अडकवलेल्या पिशवीसारख्या अडकून बसतात. चुंबक हलायचं तर नळ्या हलायला हव्यात, आणि खुंट्या त्यांना सोडत नाहीत.

विभागात विकत आणलेली एक मोठी चकती होती. भाचीने तिच्यावर लाकडाची चीप आणि चिपेवर चुंबक ठेवून चकती गार केली, चीप काढली, मग चकती चिमट्यात धरून उलटी केली. चुंबक खाली लोंबकळत राहिलं, मधे बोटभर हवा. ढकलणारी वस्तू असं धरून ठेवत नाही.

"ही चकती एवढी घट्ट कशी धरते?" मी विचारलं.

"वितळवून एकसंध वाढवलीय. आणि मामा, खुंट्या जास्त मिळाव्यात म्हणून यात मुद्दाम टू-वन-वनचे बारीक कण घालतात."

"म्हणजे तो हिरवा?"

"तोच."

यावर आगगाड्यांचा विषय निघतोच. शांघायची मॅग्लेव्ह, म्हणजे चुंबकाच्या जोरावर तरंगणारी गाडी, साध्या विद्युतचुंबकांवर चालते, तिच्यात अतिसंवाहक नाही. जपानच्या यामानाशी मार्गावर २०१५ मध्ये ताशी ६०३ किलोमीटर धावलेली गाडी मात्र अतिसंवाहक चुंबकांची. त्यात नायोबियम-टायटॅनियमची वेटोळी द्रव हेलियमात गार केलेली असतात, आणि वेग येईपर्यंत ती गाडी चाकांवरच चालते.

वाटीतला नायट्रोजन उडून गेला, चकतीवर दव धरलं आणि चुंबक अलगद खाली बसलं. पहिली हिरवी चकती भाचीने कचऱ्यात टाकली होती. दुसऱ्या दिवशी ती शोधायला गेली, तोवर कचरा गेला होता.