पिमांचा मधुमेह: जनुकं की पळवलेलं पाणी?

‘मूळनिवासींच्या रक्तातच मधुमेह असतो’ हा समज अजून टिकून आहे. त्याला बळ मिळालं १९६२ मध्ये. उपासमारीत तगवणारी जनुकं सुबत्तेत घातक ठरतात, अशी कल्पना जनुकशास्त्रज्ञ जेम्स नील यांनी मांडली. ती होती निव्वळ अटकळ. पण पुढे अमेरिकेतल्या ॲरिझोनाचे पिमा लोक तिचं ठरलेलं उदाहरण बनले.

हे लोक स्वतःला ‘नदीचे लोक’ म्हणवतात. गिला नदीच्या कालव्यांवर ते पिढ्यान्‌पिढ्या शेती करत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वरच्या भागातल्या वसाहतवाल्यांनी पाणी वळवलं, शेतं करपली, दुष्काळ पडला. पुढे ताटात आलं ते सरकारी शिध्यातलं पीठ, साखर, चरबी. गंमत म्हणजे मूळनिवासींसाठी राखून ठेवलेल्या प्रदेशांचा पाण्यावर हक्क आहे, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ मध्येच म्हटलं होतं. पिमांच्या पाण्याचा मोठा समझोता कायद्यात उतरला थेट २००४ मध्ये!

आणि जनुकं? मेक्सिकोच्या डोंगरात कष्टाची शेती करणाऱ्या पिमांमध्ये मधुमेह सुमारे ७ टक्के आढळला, ॲरिझोनात ३८. आनुवंशिकतेचा वाटा शून्य नाही, पण एवढी तफावत नुसत्या रक्ताने पडत नाही.