संमतीच्या कायद्याची पार्श्वभूमी : देसाईगंज ते म्हापसा

जुलै २०२१ मध्ये गोव्यातील बाणावलीच्या किनाऱ्यावर दोन अल्पवयीन मुलींवर अत्याचार झाल्याची तक्रार नोंदली गेली. त्यावर विधानसभेत बोलताना मुख्यमंत्र्यांनी, चौदा वर्षांच्या मुली रात्रभर किनाऱ्यावर राहतात तेव्हा पालकांनी आत्मपरीक्षण करावे, असे म्हटले. टीका झाल्यावर विधानाचा विपर्यास झाल्याचा खुलासाही केला. ‘तिथे गेल्याच कशाला’ हा युक्तिवाद खरे तर मोटार अपघाताच्या दाव्यात शोभतो. तिथे जखमी माणसाची स्वतःची निष्काळजी सिद्ध झाली, तर नुकसानभरपाई तेवढी कमी होते. फौजदारी कायद्यात गुन्ह्याच्या जबाबदारीची अशी वाटणी होत नाही. तरीही तक्रारदार स्त्रीचे वागणे खटल्याच्या केंद्रस्थानी कसे आले, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

पोर्तुगीज अमलात गोव्याला १८८६ ची दंडसंहिता लागू होती. तिच्यात बळजबरीच्या गुन्ह्याबरोबरच फूस लावून केलेल्या संभोगाचा एक वेगळा गुन्हा होता आणि त्यासाठी मुलगी कुमारिका असणे आवश्यक होते. म्हणजे कायद्याला मुलीच्या इच्छेइतकीच तिच्या कौमार्याची काळजी होती. मुक्तीनंतर १९६२ च्या नियमनाने भारतीय कायदे गोव्यात आणण्याची तरतूद झाली. त्यांतील १८७२ चा पुरावा कायदा या बाबतीत फारसा वेगळा नव्हता. त्याच्या कलम १५५(४) नुसार, फिर्यादी स्त्री ‘सर्वसाधारणपणे अनीतिमान चारित्र्याची’ असल्याचे दाखवून तिच्या साक्षीवरचा विश्वास उडवण्याची मुभा आरोपीला होती.

या विचारपद्धतीला तडा गेला तो देसाईगंजच्या खटल्यामुळे. मार्च १९७२ मध्ये, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील या गावच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप होता. मुलीला शरीरसंबंधांची सवय होती, असे म्हणत सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले. नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवताना संमती आणि भीतीपोटी पत्करलेली असहाय शरणागती यांत फरक केला. माझ्या मते संमतीच्या आजच्या व्याख्येचे बीज तिथेच आहे. पण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, अंगावर जखमा नाहीत आणि आरडाओरड झाल्याचेही दिसत नाही, अशा कारणांनी पोलिसांना निर्दोष ठरवले. त्याविरुद्ध उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या अभ्यासकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले आणि देशभर आंदोलन उभे राहिले.

त्यातून १९८३ ची दुरुस्ती आली. कोठडीतील बलात्कारासारख्या काही गंभीर प्रकारांत संभोग सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे साक्षीत सांगितले, तर ती नव्हती असेच न्यायालयाने धरून चालावे, हे पुरावा कायद्याचे कलम ११४अ तेव्हाचे. पीडितेची ओळख उघड करणे गुन्हा ठरवणारे भारतीय दंडसंहितेचे कलम २२८अ सुद्धा त्याच वर्षीचे. चारित्र्याचे ते जुने उपकलम मात्र २००२ च्या अखेरपर्यंत टिकून होते. पुढे, दिल्लीतील २०१२ च्या सामूहिक बलात्कारानंतर नेमलेल्या वर्मा समितीच्या अहवालानंतर २०१३ मध्ये संमती म्हणजे निःसंदिग्ध, स्वेच्छेने दिलेला होकार, अशी व्याख्या झाली आणि केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असे मानता येणार नाही, हेही कायद्यात लिहिले गेले. १ जुलै २०२४ पासून हीच व्याख्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये आहे. यातून आरोपीला निर्दोष मानून खटला चालवण्याचे तत्त्व संपले, असा समज करून घेऊ नये. ११४अ च्या (आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १२० च्या) कक्षेबाहेरच्या खटल्यांत संमतीचा अभाव आजही सरकार पक्षानेच सिद्ध करायचा असतो.

गोव्याने एका बाबतीत देशाच्या आधी पाऊल टाकले होते, आणि त्याची आठवण फार थोड्यांना असते. मुलांसाठी आश्रयगृह चालवणाऱ्या फ्रेडी पीट्सला १९९६ मध्ये मडगावच्या न्यायालयाने बालकांच्या लैंगिक शोषणाबद्दल दोषी ठरवले. त्यानंतर काही वर्षांनी, २००३ मध्ये, गोवा बाल कायदा झाला. दंडसंहितेतील बलात्काराच्या अरुंद व्याख्येबाहेरची कृत्येही त्याने गंभीर लैंगिक अत्याचारात धरली आणि स्वतंत्र बाल न्यायालयाची सोय केली. केंद्राचा पॉक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा, त्यानंतर नऊ वर्षांनी आला.

प्रौढ स्त्रीच्या बाबतीत मात्र म्हापशाच्या सत्र न्यायालयाचा मे २०२१ चा निकाल चर्चेत आला. एका नियतकालिकाच्या संपादकावर सहकारी महिलेने २०१३ मध्ये केलेल्या आरोपांतून त्याला निर्दोष सोडताना न्यायालयाने तपासातील त्रुटींवर बोट ठेवलेच, पण अत्याचारग्रस्त स्त्रीकडून अपेक्षित असलेले वर्तन तक्रारदाराने दाखवले नाही, असेही नोंदवले. स्त्रीचे कपडे, वागणूक वा पूर्वायुष्य यांवर न्यायालयांनी शेरे मारू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावून तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. राज्य सरकारने या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात अपील केले. तिथे पहिला आदेश निघाला तो वेगळ्याच कारणासाठी: निकालपत्रात तक्रारदाराची ओळख पटवणारे जे उल्लेख राहून गेले होते, ते संकेतस्थळावर टाकण्याआधी काढून टाकावेत.