जंप स्टार्टर : वाहने व बोटींसाठी

बॅटरी उतरल्यामुळे सुरू न होणाऱ्या इंजिनाला बाहेरून काही सेकंद जोरदार विद्युत् प्रवाह पुरवणारा, हातात नेता येण्याजोगा संच. त्यात स्वतःची बॅटरी किंवा सुपरकपॅसिटर (वीज झटकन साठवून झटकन सोडणारा घटक), दोन आखूड जाड केबली आणि त्यांच्या टोकांना एक लाल, एक काळा असे चिमटे असतात. हा संच जवळ असला की शेजारी दुसरी गाडी उभी करून जंपर केबल जोडण्याची गरज उरत नाही. पाण्यावर त्याचे मोल आणखी वाढते. हाताच्या गिअरची गाडी चार माणसांनी ढकलून सुरू होते, बोटीला तसा धक्का मारता येत नाही.

शिसे-आम्ल बॅटरी गास्ताँ प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केली, पण ती मोटारीचे इंजिन फिरवण्याच्या कामाला लागायला अर्धशतक जावे लागले. चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत आला. त्याआधी समोर उभे राहून हँडल मारावे लागे आणि इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडे. ‘सेल्फ मारला’, ‘सेल्फ लागत नाही’ असे आपण म्हणतो, तो त्या सेल्फ-स्टार्टरचाच मागे राहिलेला अर्धा शब्द आहे.

बिघाड ओळखणे

संच घेण्याआधी आणि चिमटे लावण्याआधीही, दोष बॅटरीतच आहे ना हे पाहावे. किल्ली फिरवल्यावर ‘कट-कट-कट’ असा सलग आवाज आला, तर बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली असते. स्टार्टरवरचा सोलेनॉइड, म्हणजे विद्युत्-चुंबकाने चालणारा स्विच, विद्युत् प्रवाह मिळताच खेचला जातो आणि मोटरला वीज जोडतो. मोटर शेकडो अँपिअर मागते, त्यासरशी अशक्त बॅटरीचा व्होल्टेज कोसळतो आणि सोलेनॉइड सुटतो. भार जाताच व्होल्टेज सावरतो, की तो पुन्हा खेचला जातो. हे चक्र सेकंदाला अनेकदा होते आणि तेच कानावर येते. एकच ‘टक्’ होऊन दिवे तसेच लखलखीत राहिले, तर संशय स्टार्टर मोटरवर किंवा सोलेनॉइडवर घ्यावा. मोटर नीट घरघरते आहे पण इंजिन पेट घेत नाही, अशा वेळी इंधन किंवा स्पार्क तपासावा. तिथे कितीही मोठा जंप स्टार्टर लावून काही होणार नाही.

मल्टिमीटर असेल तर फारच सोपे. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा घरे, म्हणजे सेल, असतात, प्रत्येकाचे साधारण २.१ व्होल्ट. म्हणून भरलेली, शांत पडलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते आणि १२ च्या खाली गेलेली जवळपास रिकामी असते. चार्ज करूनही काटा १०.५ शीच अडला, तर एक घर मेले आहे असे समजावे. अशी बॅटरी जंप स्टार्टरचाच प्रवाह गिळते आणि इंजिनापर्यंत फारसे काही पोहोचू देत नाही. काही वेळा तर बॅटरीत दोष नसतोच, टर्मिनलवर पांढरा-हिरवा क्षार चढलेला असतो. तो खरवडून नट आवळला की गाडी सुरू होते आणि नवी खरेदी टळते.

खोक्यावरचे आकडे

फसगत होते ती इथे. विक्रेते दोन आकडे मोठ्या अक्षरांत छापतात, कमाल किंवा ‘पीक’ अँपिअर आणि मिलिअँपिअर-तास. निवडीला दोन्हींचा उपयोग कमीच.

आधी ऊर्जा पाहू. मध्यम आकाराच्या पेट्रोल इंजिनाला २०० अँपिअर, १० व्होल्टने, तीन सेकंद लागले असे धरले तर खर्च ६,००० जूल, म्हणजे सुमारे १.७ वॉट-तास. साध्या मोबाइलच्या बॅटरीत १५ वॉट-तास असतात. ऊर्जेचाच हिशेब असता तर खिशातल्या फोनवर आठ-नऊ वेळा गाडी सुरू झाली असती. टाकीत पाणी आहे, तोटी मात्र बारीक आहे. जंप स्टार्टर विकत घेताना आपण पैसे मोजतो ते या तोटीचे. २०,००० मिलिअँपिअर-तास हा आकडा बहुधा एका लिथियम घटाच्या (सेलच्या) ३.७ व्होल्टवर मोजलेला असतो. गुणाकार केला की ७४ वॉट-तास होतात, म्हणजे १२ व्होल्टच्या भाषेत जेमतेम ६ अँपिअर-तास. दोन संचांची तुलना करायची तर वॉट-तासातच करावी.

आता कमाल अँपिअर. हा आकडा कसा मोजावा याचे सर्वमान्य मानक नाही. समजा एका संचाचा भरलेला व्होल्टेज १२.६ आहे आणि त्याचा, केबलींचा व चिमट्यांचा मिळून रोध १२.६ मिलिओहम आहे. दोन्ही टोके एकमेकांना टेकवली तर क्षणभर १,००० अँपिअर वाहतील आणि खोक्यावर ‘१,००० अँपिअर’ छापता येईल. पण त्या क्षणी चिमट्यांशी व्होल्टेज शून्य असतो आणि शून्य व्होल्टवर कोणतीही मोटर फिरत नाही. स्टार्टरला किमान ९ व्होल्ट मिळायला हवेत असे धरले, तर हाच संच २८६ अँपिअर देतो. त्यामुळे माहितीपत्रकात सलग किंवा ‘स्टार्टिंग’ प्रवाह, तो किती सेकंद आणि किती व्होल्टला मिळतो, हे शोधावे. ते कुठेच दिलेले नसेल तर छापील कमाल आकड्याच्या पाव-तृतीयांशावरच भिस्त ठेवावी.

इंजिनाच्या बाजूने पाहता गरज प्रामुख्याने आकार आणि संपीडन, म्हणजे सिलिंडरमधली हवा किती दाबली जाते, यांवर ठरते. पेट्रोल इंजिनाचे संपीडन गुणोत्तर साधारण ९ ते १२ असते, डिझेलचे १५ ते २२. म्हणून त्याच आकाराच्या डिझेलला बरेच अधिक अँपिअर लागतात, शिवाय थंड इंजिन तापवणारे ग्लो-प्लग आपला वाटा आधीच उचलतात. ‘अमुक लिटरपर्यंत’ असा दावा वाचताना तो पेट्रोलसाठी आहे की डिझेलसाठी, हे दोनदा पाहावे. बॅटरीवर छापलेला थंड-आरंभ प्रवाह, म्हणजे सीसीए, हाही चांगला मापदंड आहे. उणे १८ अंश सेल्सिअसला ३० सेकंद, व्होल्टेज ७.२ च्या खाली न जाता बॅटरी जितका प्रवाह देईल तितके तिचे सीसीए. बोटींच्या बॅटरीवर बहुधा एमसीए, म्हणजे सागरी आरंभ प्रवाह, लिहिलेले असते. ते शून्य अंशाला मोजतात, त्यामुळे त्याच बॅटरीचा आकडा मोठा दिसतो. दोन्हींची सरमिसळ करू नये.

मोठा संच लावला तर इंजिनाची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा जळेल, ही भीती अनेकांना वाटते. मोटर तिला हवा तितकाच प्रवाह ओढते, जास्तीची क्षमता नुसती पडून राहते. धोका चुकीच्या व्होल्टेजचा असतो. ट्रक आणि मोठ्या बोटींमध्ये दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात, तर काही जुन्या दुचाकी ६ व्होल्टच्या असतात. तिथे १२ व्होल्टचा संच जोडायचा नाही. हायब्रिड व विजेवरच्या गाड्यांतही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते. तिला इंजिन फिरवायचे नसते, संगणक जागे करून मुख्य बॅटरीचे स्विच जोडून द्यायचे असतात, त्यामुळे लहान संच पुरतो. नारिंगी केबलींच्या उच्च व्होल्टेज भागाला मात्र हात लावू नये.

प्रकार

सर्वांत जुना प्रकार शिसे-आम्ल बॅटरीचा. आठ-दहा किलो वजन, पण दणकट, आणि सतत चार्जिंगला लावून ठेवता येतो. गॅरेजच्या कोपऱ्यात तो अजून शोभतो. सहा महिने विसरला तर मात्र नेमका गरजेच्या दिवशी तोच उतरलेला सापडतो.

आज बाजारात लिथियमचे राज्य आहे. तीन घट एकामागे एक असलेला संच पूर्ण भरल्यावर १२.६ व्होल्ट असतो. इंजिन सुरू होताच त्यावर फिरून वीज तयार करणारा आल्टरनेटर १४ व्होल्टच्या पुढे जातो आणि उलटा प्रवाह संचात शिरू पाहतो. संचात उलट-प्रवाह रोखणारे मंडल नसेल तर घट फुगतात, पेटूही शकतात. लिथियम लोह फॉस्फेटच्या चार घटांचा संच १४.६ व्होल्टपर्यंत भरतो. तो थोडा जड, पण उष्णता आणि उलटा प्रवाह यांना जास्त सहनशील. दोन्ही परवडत असतील तर हा घ्यावा.

तिसरा प्रकार सुपरकपॅसिटरचा. तो स्वतः रिकामा असतो. उतरलेल्या बॅटरीतच उरलेली ऊर्जा तो काही मिनिटांत शोषतो आणि एका दमात परत ओततो. ऐकायला जादू वाटते, पण कारण वर आलेच आहे. ऊर्जा थोडीच लागते, अडते ते प्रवाहापाशी. कडाक्याच्या थंडीत तो लिथियमपेक्षा सरस ठरतो, वर्षानुवर्षे पडून राहिला तरी चालतो. एक-दोन प्रयत्नांत इंजिन लागले नाही, तर त्याला पुन्हा भरत बसावे लागते. बॅटरी पार मेलेली असेल तर भरायला दुसरा स्रोत शोधावा लागतो.

चिमटे आणि संरक्षण

स्वस्त आणि चांगला संच यांतला फरक चिमटे हातात घेतल्यावर कळतो. चिमट्याचे दोन्ही जबडे तांब्याचे आणि आतून एकमेकांना जोडलेले असावेत. एकच जबडा वीज वाहत असेल तर संपर्क निम्म्यावर येतो आणि चिमटा तापतो. केबल जाड व आखूड असणे ही काटकसर नव्हे, प्रत्येक मिलिओहममागे २०० अँपिअरला ०.२ व्होल्ट जातात.

उलट जोडणी, शॉर्ट-सर्किट आणि उलटा प्रवाह या तिन्हींपासून संरक्षण हवेच. हे संरक्षण बॅटरीचा व्होल्टेज ओळखून काम करते. बॅटरी अगदीच मेलेली असेल तर संचाला काही जोडले आहे हेच कळत नाही. त्यासाठी सक्तीने प्रवाह सोडणारे एक बटण असते. ते दाबल्यावर बहुतेक संरक्षण बंद पडते, म्हणून आधी लाल-काळ्याची खात्री, मगच बटण. मुख्य बॅटरीच लिथियमची असेल तर वेगळी अडचण येते. तिचे आतले रक्षक मंडल सुटल्यावर ती शून्य व्होल्ट दाखवते. तिच्यावर जंप स्टार्टर चालवण्याआधी बॅटरीच्या उत्पादकाची सूचना वाचावी.

बोटींवर

बोटीची बॅटरी उतरते तीही वेगळ्या रीतीने. नांगर टाकून, इंजिन बंद ठेवून दिवे, मासे शोधणारे यंत्र, रेडिओ आणि तळातले पाणी उपसणारा पंप तासन्‌तास चालतो. म्हणून अनेक बोटींत दोन बॅटऱ्या आणि १, २, दोन्ही, बंद असा फिरता स्विच असतो. पेटीतला संच काढण्याआधी तो ‘दोन्ही’वर फिरवून पाहावा. इंजिन चालू असताना तो ‘बंद’वर जाऊ देऊ नये, आल्टरनेटरचे डायोड जळतात.

खरा धोका वाफेचा आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. रस्त्यावर ती वाऱ्याने निघून जाते, बोटीत मात्र इंजिनाच्या खणात, अगदी तळाशी साचून राहते. त्यात चार्ज होणाऱ्या शिसे-आम्ल बॅटरीतून सुटणारा हायड्रोजन हवेत ४ टक्के झाला तरी पेटतो. चिमटा टेकवताना उडणारी एक ठिणगी पुरते. म्हणून आतल्या खणात पेट्रोल इंजिन असलेल्या बोटीत झाकण उघडावे, वास घ्यावा, पंखा निदान चार मिनिटे चालवावा आणि मगच हात घालावा. पंखा फिरवण्याइतकीही वीज उरली नसेल तर खण बराच वेळ उघडा ठेवावा. चिमटे आधी घट्ट लावावेत, संचाचा प्लग किंवा स्विच शेवटी जोडावा, म्हणजे ठिणगी पडलीच तर ती खणाबाहेर पडते.

गाडीत काळा चिमटा बॅटरीपासून दूर, इंजिनाच्या उघड्या धातूवर लावायचा असतो. फायबरच्या बोटीत पत्रा नसतो, तेव्हा इंजिनाचा ठोकळा किंवा ऋण तारांची सामाईक पट्टी शोधावी. ॲल्युमिनियमच्या होडीच्या अंगाला चिमटा लावू नये. बॅटरी बहुधा बाकाखाली खोल बसवलेली असते आणि संचाच्या केबली वीतभर. संच ठेवायचा कुठे, हे धक्क्यावर उभे असतानाच एकदा करून पाहावे.

संचावर छापलेली आयपी६७ ही जलरोधकतेची श्रेणी म्हणजे एक मीटर पाण्यात तीस मिनिटे टिकणारा, पण चाचणी गोड्या पाण्यात होते आणि रबरी बुच लावलेले असताना. केबल खुपसली की बुच उघडेच, आणि समुद्राचे पाणी नेमके त्याच वेळी उडत असते. खाऱ्या हवेत चिमट्यांवर हिरवा थर चढतो, तो दर मोसमात घासून काढावा. हाताने दोरी ओढून सुरू होणाऱ्या लहान आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर टांगलेल्या) इंजिनाला संचाची गरज नसते.

वापर आणि देखभाल

चिमटे लावून दोन-तीन मिनिटे थांबले तर मेलेल्या बॅटरीत थोडा जीव येतो आणि संचावरचा भार हलका होतो. सेल्फ एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त मारू नये. दोन प्रयत्नांत अर्धा मिनिट थांबावे, कारण केबल आणि घट दोन्ही तापलेले असतात. इंजिन लागताच संच काढावा, आधी काळा, मग लाल. बॅटरी खोलवर उतरलेली असेल तर दहा मिनिटांच्या फेरफटक्याने भरत नाही, तिला चार्जर लावावा लागतो.

लिथियमचा संच दर तीन महिन्यांनी पाहावा. उन्हात बंद गाडीच्या आत ६० अंशांच्या पुढे तापमान जाते, तिथे तो कायम ठेवला तर लवकर म्हातारा होतो. शून्याखालच्या थंडीत तो चार्ज करू नये. गारठ्यात वापरायचा तर आधी कोटाच्या आत धरून ऊब द्यावी. विमानात तो हाताच्या सामानातच नेता येतो. १०० वॉट-तासांपर्यंत सहसा हरकत नसते, १०० ते १६० मध्ये विमान कंपनीची परवानगी लागते. कवच फुगले, शिवण उकलली किंवा गोडसर रासायनिक वास आला, तर तो संच पुन्हा चार्जिंगला न लावता घराबाहेर ठेवावा आणि बॅटरी गोळा करणाऱ्या केंद्रात द्यावा.